सर, सही तेवढी तुमची होती

आदरणीय सर,



पत्र चारचौघांत लिहिते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मेलच करणार होते. पण तुमच्या इनबॉक्समध्ये न उघडलेल्या चार हजारांवर मेल पडून आहेत हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यात आणखी एकीची भर कशाला? शिवाय हे पत्र मीच लिहिलंय आणि खाली सहीही माझीच आहे. आपल्या दोघांच्या व्यवहारात असं पहिल्यांदाच घडतंय.

तुम्हाला मी आठवत असेन असा माझा दावा नाही. एम. ए. अर्थशास्त्र, दोन वर्षं, खिडकीकडचा दुसरा बाक. मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावर गणिताच्या वर्गात रिअल अ‍ॅनालिसिसला जाऊन बसायची ती. एकदा जिन्यात भेटलात तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "अर्थशास्त्राला कशाला गं एवढं गणित? हे माणसांचं शास्त्र आहे." मला ते पटलंही होतं. पण अमेरिकेतल्या पीएच. डी.च्या प्रवेश समित्यांना अजून पटलेलं नाही. पहिल्याच वर्षी त्या मुलांच्या हातात मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन या तिघांचा जाडजूड ग्रंथ ठेवतात, आणि त्यात माणसं फार क्वचित दिसतात.

सप्टेंबरात मी दहा विद्यापीठांची यादी घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले. टेबलाच्या काचेखाली सत्काराचे फोटो, कपाटावर शाली आणि सन्मानचिन्हं, त्यांच्यामागे कुठंतरी पुस्तकं. मी सांगितलं की तीन शिफारसपत्रं लागतात आणि त्यातलं एक तुमचं हवंय. तुम्ही आधी मला माझ्या हिताचं सांगितलंत: कशाला एवढ्या लांब, नेट दे, माझ्याकडेच पीएच. डी.ला लाग. यूजीसीच्या २०२२च्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, आणि तुमचे आठही तेव्हा भरलेले होते. एक जण तुमची गाडी सर्व्हिसिंगला न्यायचा, एक जण वीजबिलं भरायचा. नववीसाठी काय काम काढलं असतंत, याचं कुतूहल मला अजून आहे.

मग तुम्ही ते वाक्य बोललात. "देतो की! तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो. तुझ्याबद्दल तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

तर्क बिनतोड होता, सर. हाच न्याय लावला तर परीक्षेचे पेपरही ज्याचे त्यानंच तपासावेत.

त्या रात्री मी माझी शिफारस लिहायला बसले. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला आवर्जून जागा दिली आहे. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःची स्तुती वदवणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र त्यांना सुचलं नसावं. सत्तावीस वर्षं शिकवलेल्या गृहस्थांच्या आवाजात मला बोलायचं होतं. "माझ्या सत्तावीस वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी मी..." इथवर आले आणि अडले. 'पाहिली नाही' लिहू की 'क्वचितच पाहिली'? अर्धा तास गेला. शेवटी 'क्वचितच' ठेवलं, कारण तुम्ही मला वर्गातसुद्धा क्वचितच पाहिलं होतंत.

पुढं उदाहरणं द्यायची होती. तिथल्या समितीला 'हुशार', 'मेहनती' असली विशेषणं नको असतात. त्यांना हवं असतं की हिनं अमुक प्रश्न असा सोडवला, तमुक ठिकाणी चुकली आणि मग अशी सुधारली, आमच्याकडून पूर्वी तुमच्या विभागात आलेल्या मुलाच्या तुलनेत ही अशी आहे. तुमच्यासोबतचा माझा एकच शैक्षणिक प्रसंग मला आठवला. कल्याणाचं दुसरं प्रमेय तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. मी हात वर करून विचारलं, "सर, पसंतीक्रम बहिर्वक्र नसतील तर हे कोसळेल ना?" तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "पोर्शन संपवायचाय, नंतर ये." मी नंतर आले. केबिनला कुलूप होतं. शिफारसपत्रात याचं असं झालं: 'तिनं वर्गात विचारलेल्या एका मर्मभेदी प्रश्नावर आमची पुढं प्रदीर्घ चर्चा झाली.' सर, तुम्ही माझ्याशी केलेली सर्वांत चांगली चर्चा मी एकटीनंच केली.

आता त्या फॉर्ममधल्या एका गमतीकडं येते. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला, त्याला फर्पा म्हणतात. विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क त्यानं दिला. त्यामुळं प्रत्येक अर्जात शिफारसपत्राच्या रकान्याशेजारी एक प्रश्न येतो: हे पत्र वाचण्याचा आपला हक्क आपण सोडता का? 'हो' म्हणायचं असतं, सगळेच म्हणतात. कारण विद्यार्थी कधीच वाचणार नाही अशी खात्री असली तरच शिक्षक मोकळेपणानं लिहितो, आणि मोकळेपणानं लिहिलेल्या पत्रावरच समिती विश्वास ठेवते. मी दहा अर्जांत दहा वेळा 'हो' केलं. जे पत्र मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून लिहिलं होतं, ज्यातला 'क्वचितच' हा शब्द मी अर्धा तास चघळला होता, जे मला तोंडपाठ होतं, ते वाचण्याचा हक्क मी दहा वेळा कायदेशीररीत्या सोडून दिला.

तुम्ही त्या पत्राला हातच लावला नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. सहीसाठी दिलेली प्रत चार आठवड्यांनी परत आली तेव्हा तळाशी एक नवा परिच्छेद होता. तुमचा. 'तो आज्ञाधारक व नियमित असून माझ्या माहितीप्रमाणे त्याचं चारित्र्य उत्तम आहे. त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.' पहिल्या दीड पानात मी मुलगी होते. शेवटच्या चार ओळींत मुलगा झाले, पण चारित्र्य शाबूत राहिलं. मी ते दुरुस्त करून आणलं तेव्हा तुम्ही किंचित नाराज झालात, कारण तो परिच्छेद म्हणे आजवर सगळ्यांना चालला होता.

सर, तुम्ही आम्हाला अकरलॉफ शिकवलात. म्हणजे लिहून दिलात: माहितीची विषमता, व्याख्या, वैशिष्ट्ये चार, महत्त्व तीन, मर्यादा दोन. त्यात मूळ गोष्ट तेवढी राहून गेली, ती मी नंतर वाचली. १९७० साली अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर तेरा पानांचा निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता, आणि पुढं २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. गोष्ट अगदी आपल्या जुन्या बाजारातली आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरसकट मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो निघून जातो. मागं उरतात ते खटारे. ते कळल्यावर भाव आणखी उतरतो, आणि शेवटी बाजारच बसतो.

आता गाडीच्या जागी आपल्या विभागाची शिफारसपत्रं ठेवा. सगळ्याच पत्रांत 'माझ्या सत्तावीस वर्षांत क्वचितच' असेल, आणि सगळीच पत्रं ज्याची त्यानं लिहिलेली असतील, तर तिकडं बसलेला माणूस काय करेल? तो आपल्याकडून आलेलं प्रत्येक पत्र सरासरीच्या भावात मोजेल. ज्या विभागातली मुलं पूर्वी त्याच्याकडं टिकली आणि ज्या प्राध्यापकाचा शब्द त्यानं पारखून घेतलाय, त्याचं पत्र उचलेल. अकरलॉफ यांच्याच बरोबरीनं नोबेल मिळालेले स्पेन्स १९७३ साली सांगून गेलेत की संकेताला किंमत तेव्हाच येते, जेव्हा तो द्यायला काही पडतं आणि लायक नसलेल्याला ते परवडत नाही. तुमच्या पत्राला तुम्हाला काय पडलं? शाई. तीही माझ्याच पेनातली. आणि त्याच कागदासाठी तिकडची पोरं पदवीनंतर दोन-दोन वर्षं एखाद्या प्राध्यापकाकडं पूर्णवेळ संशोधन-साहाय्यक म्हणून राबतात. प्री-डॉक म्हणतात त्याला. दिवसभर आकडेवारी साफ करायची, कोड लिहायचा, चुका काढून घ्यायच्या, आणि त्यातून शेवटी काय मिळवायचं, तर ज्याला आपलं काम खरोखर माहीत आहे अशा माणसाचं एक पत्र.

फार परदेशी बोलले का? मग आपल्याच भिंतीवरच्या तसबिरीचं बोलते. दर १४ एप्रिलला तुम्ही 'अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकर' या विषयावर पाऊण तास बोलता, मी दोनदा ऐकलंय. त्या भाषणात सेलिगमन येतात ते फक्त 'कोलंबियातील गुरू' एवढ्यापुरते. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले तेव्हा याच सेलिगमन यांनी तिथल्या फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं होतं. पुढं १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा प्रबंध पुस्तकरूपानं आला, त्याची प्रस्तावनाही सेलिगमन यांचीच. सार्वजनिक वित्तातलं त्या काळचं केवढं मोठं नाव! आता कल्पना करा, सर. सेलिगमन खुर्चीत मागं रेलून म्हणतायत, "भीमराव, तूच ड्राफ्ट करून आण."

१६ डिसेंबरची सकाळ तुम्हाला बहुधा एक गडबडीची सकाळ म्हणून आठवत असेल. मला ती मिनिटामिनिटानं आठवते. सात विद्यापीठांची मुदत १५ डिसेंबरची मध्यरात्र होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा. दोन महिने मी आठवण करत होते. आधी मेलवर, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, मग केबिनबाहेरच्या बाकावर बसून. "नॅकची टीम येतेय गं, ती जाऊ दे." टीम आली, जेवली, गेली. शेवटी सकाळी सव्वाआठला मी लॅपटॉप घेऊन तुमच्या घराची बेल वाजवली.

तुम्ही चहात खारी बुडवत होतात. काकूंनी माझ्यापुढं पोहे ठेवले, ते चांगले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मग कळलं की विद्यापीठांना लागतो तो संस्थेचा मेल-आयडी तुमचा असला, तरी पासवर्ड ऑफिसातल्या ऑपरेटरला ठाऊक आहे. ऑपरेटर चुलतभावाच्या लग्नाला कऱ्हाडला. तुम्ही फोन लावलात, स्पीकरवर. मागं बँड वाजतोय आणि ऑपरेटर ओरडतोय, "कॅपिटल एस, सर! एस! शंकरातला! मग अ‍ॅट द रेट, मग वन टू थ्री!" वरातीमागून घोडं म्हणतात ते मी कानांनी ऐकलं. पाच प्रयत्नांनंतर मेल उघडली. सातही लिंक स्पॅममध्ये होत्या, तुर्कस्तानातल्या लॉटरीच्या वरच. घड्याळात नऊ पाच.

"आता तूच भर पटापट," असं म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात.

पत्र जोडणं सोपं होतं. पण प्रत्येक विद्यापीठ शिफारस करणाऱ्याला एक तक्ता भरायला लावतं: या अर्जदाराची तुमच्या इतर विद्यार्थ्यांशी तुलना करा. शोधक बुद्धी, लेखन, चिकाटी, भावनिक परिपक्वता. पर्याय: वरचे १ टक्का, ५ टक्के, १० टक्के, २५ टक्के, सरासरी, सांगता येत नाही. मी बाथरूमच्या दाराशी जाऊन विचारलं, "सर, काय टाकू?" आतून पाण्याच्या आवाजात उत्तर आलं, "दहा टाक! एक नको, बरं दिसत नाही. दृष्ट लागते."

इथं माझाही गुन्हा कबूल करते. मी पाच टाकलं. भावनिक परिपक्वतेपुढं कर्सर नेला तेव्हा माझा उजवा हात थरथरत होता आणि डोळ्यांपुढं तुमचा चहाचा कप भिंतीवर फुटत होता, तरी तिथंही पाच टाकलं. एका विद्यापीठाच्या फॉर्मखाली चौकोन होता: 'हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे, असं मी प्रमाणित करतो.' त्यावर टिचकी मीच मारली. सर, त्या अख्ख्या सकाळी भरलेल्या माहितीत तेवढंच एक वाक्य शंभर टक्के खरं होतं.

शेवटचं पत्र दहा वाजून चोवीस मिनिटांनी गेलं. तुम्ही देवपूजा आटोपून बाहेर आलात आणि म्हणालात, "बघ, झालं की नाही? उगाच टेन्शन घेतेस."

झालं, सर. दहा अर्ज, प्रत्येकाची फी ७५ ते १२५ डॉलरच्या दरम्यान. बाबांच्या कार्डावर ऐंशी हजारांवर गेले, जीआरई परीक्षेचे बावीसेक हजार वेगळे. बाबांची समजूत घालताना मी सांगितलं होतं की तिकडं पीएच. डी.ला फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं, पाच-सहा वर्षं घरचा पैसा लागत नाही. खर्च आहे तो दारापर्यंत पोचण्याचा. त्यांनी एकदाच विचारलं, "दार उघडेल ना?" फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ नकार आले, सगळे अत्यंत सभ्य. एका विद्यापीठानं प्रतीक्षायादीत ठेवलं. ज्यांना जागा मिळालेली असते त्यांनी १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो, म्हणून प्रतीक्षायादी हलली तर त्या दोन-चार दिवसांतच हलते. १४ तारखेला तुम्ही सभागृहात बाबासाहेबांवर बोलत होतात आणि मी मागच्या रांगेत फोन पुन्हा पुन्हा उघडत होते. यादी हलली नाही.

हे सगळं तुमच्या एका पत्रामुळं झालं असं मी म्हणत नाही. तेवढं संख्याशास्त्र मला येतं. बड्या विभागांत वीस-पंचवीस जागांसाठी जगभरातून शेकड्यांनी अर्ज येतात, रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये मला 'बी' आहे, आणि माझा प्रबंध मीच आज वाचला तर मीही मला घेणार नाही. शिवाय तुमच्यापुढं वर्गात शंभर मुलं, वर नॅकच्या फायली, हेही मला दिसतं. पण गणिताच्या मॅडमनाही शंभर मुलं आहेत. त्यांनी मला एक तास समोर बसवलं. कुठली सिद्धता आवडली, कुठली अजून कळलेली नाही, असं खोदून खोदून विचारलं, 'बी' का आला तेही विचारलं, आणि आठवड्याभरात स्वतः दहा ठिकाणी पत्र टाकलं. त्यात त्यांनी काय लिहिलंय, मला माहीत नाही. प्रतीक्षायादीत जे नाव लागलं, ते माझ्या मते त्या पत्रामुळं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण मागच्या आठवड्यात एका ज्युनिअर मुलीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. "ताई, मीपण यावर्षी अप्लाय करतेय. सरांनी हा नमुना दिलाय, याच्यासारखंच लिहून आण म्हणाले. जरा बघतेस का?" फाइल उघडली. माझंच पत्र. नावाच्या जागी टिंबं. 'सत्तावीस'चं 'अठ्ठावीस' केलेलं, म्हणजे दुरुस्ती करता तुम्ही, अगदीच नाही असं नाही. 'क्वचितच' तसंच. कल्याणाचं प्रमेय, मर्मभेदी प्रश्न, प्रदीर्घ चर्चा, सगळं जागच्या जागी. न झालेली ती चर्चा आता दरवर्षी नव्या मुलीशी होत राहणार. आणि तळाशी तुमचा तो परिच्छेद सन्मानानं परत आलाय: तो आज्ञाधारक, त्याचं चारित्र्य उत्तम.

तिला मी गणिताच्या मॅडमकडं पाठवलंय. माझं म्हणाल तर मी यंदा पुन्हा अर्ज करतेय. तुम्हाला त्रास देणार नाही.

एकच काम आहे. मला तुमच्याकडून दोन ओळींचं माफीपत्र हवंय. तुमची धावपळ माहीत आहे, नॅकनंतर आता परीक्षा आल्या, म्हणून मसुदा मीच करून सोबत जोडलाय. सही तेवढी करा. तो वाचण्याचा माझा हक्क मी सोडला आहे.

आपली,
आज्ञाधारक (शब्द आपलाच)
दुसरा बाक, खिडकीकडची